पाठीमागची खुर्ची

वर्तमानपत्राच्या पुरवणीचं काम करताना मी आजवर किती शब्द कापले असतील, सांगता यायचं नाही. जागा कमी आणि मजकूर जास्त, हे आमच्याकडचं रोजचं रडगाणं. कापताना माझा हात कधी अडला नाही. पण त्यातले तीन शब्द मला अजून आठवतात. ते शब्द मिलिंद बैसाणेचे होते.

मिलिंदइतका घाबरट माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे आणि त्याने ते मान्य केलेलं आहे, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

पहिल्यांदा तो आमच्या जळगावच्या ऑफिसात आला तो चार मजले जिना चढून. मे महिना, बाहेर डोकं भाजेल असं ऊन, शर्ट पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, "अहो, लिफ्ट चालू आहे की!"

"म्हणूनच जिन्याने आलो," तो धापा टाकत म्हणाला. "बंद लिफ्टमध्ये कोणी अडकत नाही."

मग त्याने खोलीभर नजर फिरवली. "माफ करा ताई, पण बाहेर जायला हे एकच दार आहे का?"

"का रे बाबा, आल्या आल्या जायची घाई?"

"तसं नाही. कुठेही शिरलं की आधी दार कुठे आहे ते बघायचं. बाकीचं नंतर."

त्याने खुर्ची उचलून भिंतीला लावली, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे करून बसला, आणि पुढचा तासभर व्हिडिओ गेमवर असं काही बोलला की शेजारच्या क्रीडा पानावरचे दोघं हातातलं काम सोडून ऐकत उभे राहिले. मला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हा माणूस थापा मारत नाही, एवढं कळलं. मी त्याला दर शनिवारचं सदर देऊन टाकलं.

तो धुळ्याचा. देवपुरात तो आणि त्याची आई, दोघंच. नोकरी कुठेच केली नाही. पुण्या-मुंबईच्या वेबसाइट, एखादं मासिक, आमची पुरवणी, जमेल तिथे गेम आणि मोबाईलच्या दुनियेवर लिहायचा. नोकरी का करत नाहीस विचारलं तर म्हणाला, "नोकरीत वाढदिवसाला सगळ्यांसमोर केक कापायला लावतात." सदराचं नाव त्यानेच ठेवलं, 'खेळून झाल्यावर'. मला ते मिळमिळीत वाटलं. जरा दणदणीत काहीतरी दे, मी म्हटलं. तर म्हणे, "ते नाव नाही ताई, ती माझी अट आहे."

अट अशी की खेळ शेवटपर्यंत खेळल्याशिवाय त्यावर एक ओळ लिहायची नाही. खेळ साठ तासांचा असेल तर साठ तास बसायचं. "पहिला अर्धा तास कुठलाही खेळ आपल्याला जावयासारखा वागवतो," तो सांगायचा. "पाट, ताट, आग्रह. आपण जावई नाही, रोजावर आलेला गडी आहोत, हे फार उशिरा कळतं. म्हणून उशिराचं लिहायचं." कंपनीचं पत्रक आलं की त्याला मराठीचा सदरा चढवून छापणाऱ्यांचा त्याला मनापासून राग होता. एवढा मऊ माणूस, पण त्या विषयावर त्याचे कान लाल व्हायचे. "फोन हातात न धरता फोनची आरती करतात हो ताई! वाचणारा आपल्या भरवशावर असतो."

एकदा एका कंपनीने त्याला नवा कोरा फोन भेट पाठवला. त्याने तो परत पाठवला आणि सोबत चिठ्ठी लिहिली: फोन चांगला आहे, पण मी ठेवून घेतला तर उद्या तुमचा फोन वाईट निघाल्यावर मला तसं लिहिता येणार नाही. चिठ्ठी मला इतकी आवडली की मी ती ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवली. आणि हा पठ्ठ्या? पुढचे आठ दिवस रोज सकाळी मला फोन. "ताई, कंपनीकडून नोटीसबिटीस नाही ना आली? चिठ्ठी फार उद्धट झाली का?" असं त्याचं. करायचं ते करून बसायचा आणि मग भीत राहायचा.

भुताखेतांच्या खेळांवर तो लिहायचा ते मात्र वाचतच राहावं. भूत दिसलं की भीती संपते, असं त्याचं म्हणणं. खरी भीती त्याच्या आधीची, दिवा लुकलुकतो आणि काहीच होत नाही तेव्हाची. त्याने एकदा लिहिलं होतं, की खेळात भ्यायला मिळतं तेवढं भिऊन घ्यावं, इथे बंद करायचं बटण तरी असतं.

हे खेळ तो खेळतो कसे, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. धुळ्याला एका लग्नाला गेले होते, दुपारी त्याच्याकडे डोकावले. रस्त्यावरचं दार सताड उघडं, पडदा वर खोचलेला, खोलीत इतकं ऊन की टीव्हीच्या पडद्यावरचं धड दिसत नव्हतं. मिलिंद जमिनीवर मांडी घालून बसलेला आणि त्याच्या बरोबर पाठीमागे, लोखंडी घडीच्या खुर्चीत, त्याची आई गवारीच्या शेंगा मोडत बसलेली. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, तोही अक्काच म्हणायचा.

पडद्यावर एक लांब अंधारी वाट, टोकाला कपाट. मिलिंदचा खेळातला माणूस वाटेत उभा. पुढे जाईच ना. मिलिंदच्या मानेवर घामाचा ओघळ. मागे न बघता त्याने हाक मारली, "अक्का?"

"मी शे ना आठे," अक्का शेंगांवरची नजर न काढता आपल्या खानदेशीत म्हणाल्या, इथेच आहे मी म्हणून. "जाय पुढे."

तो पुढे गेला. कपाटातून किंकाळी आली. मी खरंच किंचाळले. अक्कांनी मान वर करून पडद्याकडे बघितलं. "बठ्ठा दिन कपाटमा उभा राहस बिचारा," त्या दिवसभर उभ्या असलेल्या भुताबद्दल म्हणाल्या. "त्याले बी पोट व्हई ना."

मग मला सांगायला लागल्या, की हा असाच, लहानपणापासून. चुलीवरची डाळ बघायला त्या उठल्या तर तेवढा वेळ खेळ थांबवून ठेवतो. "इतला मोठा व्हयना, पन मी उठनू की ह्याना खेळ बंद!" मिलिंद लाजून हसला. चौतीस वर्षांचा बाप्या! मी ऑफिसात येऊन ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. आम्ही पोट धरधरून हसलो. त्याचं आता मला वाईट वाटतं.

आणखी एक सवय होती, तिलाही आम्ही हसायचो. कुठेही निघाला की तो एकेका शब्दाचे निरोप पाठवायचा. "निघालो." "बसलो." "पारोळा." "एरंडोल." "उतरलो." मी एकदा वैतागून लिहिलं, अरे बाबा, मी काय तुझी कंट्रोल रूम आहे का? त्याचं उत्तर आलं, "कोणाला तरी माहीत असावं ताई, आपण कुठे आहोत ते." मी त्या निरोपांचा आवाज बंद करून ठेवला.

आता ते तीन शब्द.

सुट्टीची खास पुरवणी होती, मुलांसाठी. त्या वेळी घरोघरची मुलं मोबाईलवर एक खेळ खेळत होती. समुद्रात एक बेट, त्यावर आपलं घर बांधायचं, झाडं लावायची, एकेक पायरी चढत जायची. माझी पूर्वाही खेळायची. आठवी झाली होती, सुट्टीतला इंग्रजीचा क्लास सोडला तर दिवसभर तेच. मी मिलिंदला म्हटलं, यावर लिही.

"अजून झाला नाही ताई," तो म्हणाला. "पस्तिसाव्या पायरीवर आहे. चाळिसाव्यानंतर नवीन काही उघडतं म्हणतात. तीन आठवडे तरी लागतील."

"तीन आठवड्यांनी सुट्टी संपत येईल! मुलांचा खेळ आहे, चाळिसाव्या पायरीवर काय वाघ बसलाय?"

"असेल किंवा नसेल. माहीत नाही, हाच तर प्रश्न आहे."

मी त्याला झापलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच झापलं. पान अडलंय, तुझ्या अटी तुझ्या घरी ठेव, म्हटलं. शेवटी त्याने लेख दिला. त्यात एक वाक्य होतं: "मी खेळलो तिथपर्यंत या खेळात मुलांना घाबरण्यासारखं काही नाही." पान लावताना एक ओळ जास्त होत होती. मी वाक्याच्या सुरुवातीचे तीन शब्द उडवले. ओळ बसली. वर मथळा माझ्या हाताने दिला, 'मुलांना बिनधास्त खेळू द्या!' आणि घरी जाऊन पूर्वाला म्हटलं, बघ, तुझ्या खेळाचं आम्ही कौतुक केलंय.

शनिवारी लेख छापून आल्यावर मिलिंदचा फोन आला नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

आला तो तीन आठवड्यांनी, सोमवारी संध्याकाळी, मी घरी असताना. पहिल्या शब्दापासूनच त्याचा आवाज चिरका झालेला. "ताई, चाळिसाव्या पायरीनंतर दार उघडतं. मुलांच्या घराचं दार. कोणीही आत येऊ शकतं. ओळखदेख नसलेली माणसं येऊन बसतात, मुलांशी बोलतात, आईबापाला काही दिसत नाही. मी तेरा वर्षांची मुलगी म्हणून नाव टाकलं होतं. एका दिवसात चार जणांनी विचारलं, घरी कोण कोण असतं. आपल्याला आजच्या आज छापायला पाहिजे. आपण बिनधास्त म्हटलंय."

"पुढच्या पुरवणीत बघू," मी म्हटलं. "या वेळची पानं गेली."

"ऑनलाइन तरी टाका. ताई, तुमची पूर्वा खेळते ना? तिची कितवी पायरी?"

"मिलिंद, तू लिफ्टलाही घाबरतोस," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पूर्वा पलीकडच्या खोलीत होती. दहा पावलं होती फक्त. मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. पूर्वा साडेसातला क्लासला म्हणून बाहेर पडली. साडेनऊला क्लासच्या सरांचा फोन, "पूर्वाला बरं नाही का? आली नाही आज." तिचा फोन बंद. मी ऑफिसात होते, तिथून घरी कशी आले ते मला आठवत नाही. तिच्या टेबलावर टॅब पडलेला, खेळ उघडाच. तिचं बेट, तिचं घर, घरासमोर लावलेली केळीची झाडं. आणि खाली बोलणं. कोणी कॅप्टन दादा. धुळ्याला मोठी स्पर्धा आहे. तू आमच्या टीममध्ये. सकाळची आठची गाडी धर, स्टँडवर पाण्याच्या टाकीजवळ थांब, मी न्यायला येतो. फोन बंद ठेव, घरचे खोडा घालतील. शेवटची ओळ पूर्वाची: मी कुण्णाला सांगितलं नाही.

घड्याळात दहाला पाच कमी. गाडी धुळ्यात साडेदहाला पोहोचते. मी जळगावात, पावणेदोन तास लांब. नवरा वरणगावच्या कारखान्यात, त्यांचे मोबाईल गेटवर जमा असतात, निरोप आत जाईपर्यंत दुपार होणार. धुळ्यात माझ्या ओळखीचा एकच माणूस होता आणि तो लिफ्टला घाबरत होता.

त्याने पहिल्याच रिंगला फोन उचलला. मी काय बोलले कोण जाणे, रडत होते. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अंगात काय घातलंय?"

"हिरवा कुर्ता. दोन वेण्या."

"निघालो," तो म्हणाला.

शेजारच्या पाटीलभाऊंनी पोलिसांना फोन लावला आणि गाडी काढली. धुळ्याला कळवतो, असं पोलिस म्हणाले. मी मागच्या सीटवर फोन दोन्ही हातांत धरून बसले. त्याच्या निरोपांचा आवाज मी कधीपासून बंद करून ठेवला होता, तो आधी सुरू केला.

"अक्का सोबत."

"रिक्षात."

"पोहोचलो. दारं तीन."

"गाडी नाही आली."

पाळधी गेली. एरंडोल गेलं. मी देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

"आली."

आणि मग काहीच नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. मी फोन लावला, उचलला नाही. अकरा मिनिटं मी फोनच्या काचेकडे बघत होते. खेळात दिवा लुकलुकतो आणि काहीच होत नाही, म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. माझ्याकडे बंद करायचं बटण नव्हतं.

"दिसली."

"अक्का तिच्याजवळ बसली. मी लांब आहे. मी गेलो तर ती भिईल."

पारोळ्याच्या अलीकडे आणखी एक निरोप आला.

"एक माणूस आहे."

त्यानंतर फोन बंद. पारोळा, मुकटी, फागणे. तासभर. मी लावतेय आणि ती बाई सांगतेय, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता. पाटीलभाऊ म्हणत होते, वहिनी, धीर धरा. कुठला धीर!

धुळ्याच्या स्टँडवर मी धावत गेले ती पाण्याच्या टाकीकडे. बाकड्यावर अक्का बसलेल्या. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून माझी पोरगी. अक्का तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधत होत्या. आणि बाकड्याच्या पुढे दोन पावलांवर मिलिंद उभा होता, त्यांच्याकडे पाठ करून. शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता. त्याचे पाय इतके लटपटत होते की चपला फरशीवर टकटक वाजत होत्या. पण जागचा हलला नव्हता. शेजारी एक हवालदार वही काढून त्याला काही विचारत होता आणि हा त्याच्याकडे न बघता तिन्ही दारांकडे आळीपाळीने बघत होता.

काय झालं ते मला पूर्वाने सांगितलं. ती उतरून टाकीजवळ गेली तर एक आजीबाई येऊन बसल्या. "कोठे जाई राहिनी व माय? बस, पानी पी." त्यांनी तिला बोलण्यात गुंतवलं. मग तो माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात चॉकलेटचा डबा, नेहमी दिसतात तसा कुणाचा तरी काका. तो बाकड्याकडे वळला तेव्हा मधे मिलिंद येऊन उभा राहिला आणि ओरडला, "भाऊ, नाव सांगा! कोणाला न्यायला आलात?" त्या माणसाने बाजूला व्हायला सांगितलं. मिलिंद पुन्हा तेच ओरडला. त्याला दुसरं वाक्यच सुचेना. सात-आठ वेळा तेच, फाटक्या आवाजात, "भाऊ, नाव सांगा!" स्टँडवरचे लोक वळून बघायला लागले, कंट्रोलर खिडकीतून बाहेर आला. त्या माणसाने मिलिंदचा फोन हिसकून फरशीवर आपटला, छातीवर धक्का मारला आणि मागच्या दाराने पळाला. पूर्वा म्हणाली, "आई, मिलिंदकाका पडले नाहीत. रडत होते, पण पडले नाहीत."

त्या माणसाला पुढे पोलिसांनी धरलं. त्याच्याबद्दल मला याहून जास्त लिहायचं नाही.

मी पोरीला कवटाळून किती वेळ बसले होते, देव जाणे. मान वर केली तर मिलिंद तसाच उभा. "मिलिंद," मी म्हटलं.

तो वळला. "ताई, मी फार घाबरलो होतो," तो म्हणाला. "त्याच्या मागे पळायला पाहिजे होतं. पाय चाललेच नाहीत." तो माझी माफी मागत होता.

पुढच्या शनिवारी त्याचं सदर आलं. त्यात पूर्वाचा उल्लेख नव्हता, स्टँडचा नव्हता. चाळिसाव्या पायरीनंतर काय उघडतं ते सविस्तर, आईबापांनी काय बघायचं ते सविस्तर. आणि शेवटी चार ओळी: हा खेळ पूर्ण न खेळता मी त्याच्याबद्दल लिहिलं. ती चूक माझी आहे. वाचकांनी माझ्या भरवशावर मुलांच्या हातात हा खेळ दिला असेल, तर मी त्यांची क्षमा मागतो.

मी ते जसंच्या तसं लावलं. एक शब्द कापला नाही.

सोमवारी मीटिंगमध्ये संपादक म्हणाले, लेखक स्वतःच कबूल करतो की न खेळता लिहिलं, तर वाचकांनी विश्वास ठेवायचा कसा? सदर बंद करू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मूळ लेखाचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मथळा मी दिला, घाई मी केली, ते तीन शब्द मी कापले, हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. सतरा वर्षांची नोकरी डोळ्यांपुढे आली. मी वहीत काहीतरी लिहितेय असं दाखवत बसले. भित्रा म्हणून ज्याला मी हसले, तो पाय लटपटत असताना उभा राहिला होता. मी धडधाकट पायांनी बसून राहिले.

त्याला निरोप मीच दिला, फोनवर. "बरं ताई," तो म्हणाला. "पूर्वा कशी आहे? झोप लागते का तिला?"

त्यानंतर दोन वर्षं मी धुळ्याला गेले नाही. सणाला निरोप यायचे-जायचे, तेवढंच. अक्का गेल्याचं मला तीन महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून. मग मात्र राहवलं नाही. गेल्या महिन्यात, रविवारी दुपारी, ड्रॉवरमधला तो कागद पर्समध्ये घालून मी एसटीत बसले. आणि काय मनात आलं, त्याला लिहिलं, "निघाले." मग "एरंडोल." मग "पारोळा." दर वेळी त्याचं उत्तर येत होतं, "बरं."

दार सताड उघडं होतं. पडदा वर खोचलेला, खोलीभर ऊन. मिलिंद जमिनीवर मांडी घालून. कानाजवळचे केस पांढरे झालेले. पाठीमागे ती लोखंडी खुर्ची, मोकळी. पडद्यावर खेळ थांबवलेला, एक लांब वाट आणि टोकाला दार.

तो चहा करायला उठला, मी बसवलं. कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. "मिलिंद, तुझ्या लेखातले तीन शब्द मी..."

"माहीत आहे ताई," तो म्हणाला. "त्याच शनिवारी बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीस? त्या माफीत का नाही लिहिलंस?"

"पूर्वाने वाचलं असतं ना," तो म्हणाला. "आईमुळे झालं, असं तिला वाटलं असतं. मग पुन्हा कधी घाबरली तर ती कोणाकडे गेली असती?"

मला रडू आवरेना. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी शांत होईपर्यंत दाराकडे बघत बसला.

मग मी विचारलं, हल्ली काय चाललंय. सदर गेलं तरी लिहिणं सुटलं नव्हतं. शंभरेक आयांचा एक ग्रुप होता मोबाईलवर, त्या विचारायच्या, हा खेळ कसा आहे, तो कसा आहे, आणि हा शेवटपर्यंत खेळून त्यांना सांगायचा. ग्रुपचं नाव तेच, 'खेळून झाल्यावर'. या नव्या खेळाबद्दल त्या सगळ्या वाट बघत होत्या. पण दोन महिने झाले, तो या एका वाटेवर अडकला होता.

"पुढे काय आहे?" मी विचारलं.

"माहीत नाही ना." त्याने ओशाळून मान खाजवली. "जमतच नाही ताई. अक्का गेल्यापासून." मग माझ्याकडे न बघता, "तुम्हाला परतीची गाडी कितीची आहे?"

"आहे अजून वेळ," मी म्हटलं.

मी उठले आणि अक्कांच्या खुर्चीत बसले. लोखंड उन्हाने तापलं होतं. त्याने खेळ सुरू केला. वाटेवरचा दिवा लुकलुकायला लागला. मिलिंदची मान ताठ झाली. मानेवर घामाचा ओघळ आला. पडद्यावरचा त्याचा माणूस जागेवरच उभा.

"ताई?" मागे न बघता त्याने हाक मारली.

मला खानदेशी नीट बोलता येत नाही. आमचं घर त्या बोलीचं नाही, पूर्वा माझी थट्टा करते. पण दुसरे शब्द तिथे चालले नसते.

"मी शे ना आठे," मी म्हटलं. "जाय पुढे."